सारगासोपर्यंतचा माग : ईल मासे समुद्रात जातात कुठे?

शरयू_लिमरिक

युरोपातल्या नद्या-तळ्यांत दहा-वीस वर्षं मुक्काम केलेला ईल (सापासारखा लांबट मासा) एका शरद ऋतूत खाणं सोडतो, समुद्राची वाट धरतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. तो जातो कुठे, हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलला ईलच्या पोटात अंडी मिळेनात, म्हणून त्याने हे मासे चिखलातून उपजतात असं मानलं. १८७६ मध्ये विशीतल्या सिग्मंड फ्रॉइडने (हो, तोच) त्रिएस्तेला चारशेच्या आसपास ईल फाडून नराची वृषणं शोधायचा प्रयत्न केला. किनाऱ्यालगत असेपर्यंत ती पुरती वाढलेलीच नसतात, त्यामुळे खात्रीने सांगण्याजोगं फारसं काही त्याच्या हाती लागलं नाही.

मग आला डेन्मार्कचा योहानेस श्मिट. १९०४ मध्ये ‘थोर’ या जहाजावर असताना फॅरो बेटांच्या पश्चिमेला त्याला ईलची पारदर्शक, पानासारखी चपटी अळी मिळाली, साडेसात सेंटिमीटरहून जरा मोठी. त्याचा तर्क सरळ होता: पिल्लू जितकं लहान, तितकी जन्मभूमी जवळ. हाच धागा धरून तो अटलांटिक पालथा घालत राहिला. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, तरी काम सोडलं नाही. शेवटी सगळ्यात लहान पिल्लं मिळाली ती बर्म्युडाच्या दक्षिणेला, सारगासो समुद्रात. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे प्रसिद्ध केलं.

पण ही साक्ष पिल्लांची. अंडी घालणारी ईल तिथे आजतागायत कुणी पाहिलेली नाही, समुद्रात तिचं एक अंडंही मिळालेलं नाही. मोठा मासा युरोपातून तिथपर्यंत पोचतो याचा थेट पुरावा शंभर वर्षं नव्हता. तो मिळाला २०२२ मध्ये. ही गोष्ट मराठीत सविस्तर लिहिलेली मला कुठे सापडली नाही, म्हणून हा धागा.

माग काढण्याचं साधन म्हणजे उपग्रह टॅग. छोट्या माइकसारखा दिसतो: एका टोकाला तरंगणारा फुगीर गोळा, त्यातून निघालेली अँटेना, वजन चाळीसेक ग्रॅम. माशाला भूल देऊन पाठीच्या कातडीतून बारीक तारा ओवून तो बांधतात. दर काही मिनिटांनी खोली, तापमान आणि उजेड यांची नोंद होते. ठरलेली तारीख आली की जोडणीची पिन विजेच्या प्रवाहाने गंजून तुटते, टॅग वर येऊन तरंगू लागतो आणि उपग्रहाला माहिती पाठवतो. मासा मात्र खालून पुढे निघून गेलेला असतो.

टॅग कुठे वर आला हे पक्कं कळतं. मधली वाट शोधणं हीच खरी अडचण. ट्यूना किंवा शार्क वर पोहतात, तेव्हा टॅगवरच्या उजेडावरून सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ कळते आणि त्यावरून जागेचा अंदाज बांधता येतो. ईलच्या बाबतीत हे जमत नाही. रात्री तो साधारण दोनशे-तीनशे मीटरवर असतो आणि उजाडायच्या आत सहाशे ते हजार मीटर खोल जातो. सूर्य त्याला दिसतच नाही म्हणा ना! असं रोज, महिनोन्‌महिने, पोटात अन्नाचा कण नसताना. मग शास्त्रज्ञ काय करतात, तर टॅगने नोंदलेलं खोलीनुसार तापमान घेतात, त्या तारखेला अटलांटिकमध्ये कुठल्या भागात असं पाणी होतं ते ताडून बघतात आणि संभाव्य वाट मांडतात.

पहिला मोठा प्रयत्न २००६ चा, इथूनच, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेहून. २२ ईल सोडले. काहींचा माग १३०० किलोमीटरपर्यंत लागला, आणि ते सारगासोकडे नाकासमोर न जाता दक्षिणेला, अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या दिशेने वळलेले दिसले. वेग मात्र फार कमी. वसंतात अंडी घालायची तर दिवसाला पस्तीसेक किलोमीटर तरी कापायला हवेत, आणि हे मासे त्याच्या बरेच मागे होते.

त्यानंतर स्वीडन, जर्मनी, फ्रान्स, आयर्लंड अशा ठिकाणांहून मिळून ७०७ ईलना टॅग लावले गेले. दोनशेहून थोड्या अधिक टॅगांची माहिती मिळाली. २०१६ मध्ये आलेला निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दिवसाला कुणी ३ किलोमीटर जातं, तर कुणी ४७. म्हणजे सगळे ईल एका हंगामात धावत जाऊन एकदम पोचतात, ही समजूत टिकत नाही. काही लवकर पोचत असतील, पण बरेचसे पुढच्या वर्षीच्या हंगामाला पोचत असावेत. सोन्यासारखी वर्षं नदीत काढून साठवलेल्या चरबीवर वर्षभराहून जास्त उपाशी प्रवास!

तरी सगळ्या वाटा अझोर्सच्या आसपास संपत होत्या. टॅग सुटलेले, नाहीतर मासे खाल्ले गेलेले. मग झुऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन, इंग्लंडची एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, अझोर्स विद्यापीठ वगैरेंच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की सुरुवातच अझोर्सपासून करायची. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथल्या २६ मोठ्या माद्यांना टॅग लावले. पाच माद्या सारगासोच्या हद्दीत पोचल्या आणि त्यांतली एक थेट त्या भागात, जिथे पिल्लांवरून जन्मस्थान मानलं जात होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे छापून आलं.

आता हे का महत्त्वाचं. युरोपियन ईल २००८ पासून ‘अति संकटग्रस्त’ आहे. किनाऱ्याला येणाऱ्या काचेसारख्या पिल्लांचं प्रमाण उत्तर समुद्राच्या बाजूला १९६०-७९ च्या तुलनेत एखाद्या टक्क्यावर आलंय. आणि जनुकांच्या अभ्यासावरून दिसतं की मोरोक्कोपासून नॉर्वेपर्यंतचे सगळे ईल मिळून एकच कुळ आहे. आयर्लंडच्या मादीची पिल्लं प्रवाहासोबत इजिप्तलाही लागू शकतात. म्हणून नदीतून समुद्रात सुटणारी प्रत्येक मोठी मादी ही सगळ्या खंडाची ठेव आहे असं मी मानते. पुढचा प्रवास किती लांब आणि किती हळू आहे हे टॅगांनी दाखवलंय. निदान आपल्या हातात असलेल्या पहिल्या टप्प्यावर तरी तिला अडवू नये.

आमच्या शॅनन नदीवर १९२९ चं आर्डनाक्रशा जलविद्युत केंद्र आहे. मासा जितका लांब, तितका टर्बाइनच्या पात्याला लागायचा धोका जास्त. त्यामुळे शरद ऋतूत समुद्राकडे निघालेले ईल धरणाच्या वरच्या अंगाला जाळ्यात धरतात आणि टाकीच्या गाडीतून खाली नेऊन सोडतात. व्यावसायिक ईल मासेमारी इथे २००९ पासून बंद आहे. मी या ईलना जवळून पाहिलंय. नदीत असताना पिवळट-तपकिरी असणारा मासा निघायच्या वेळी पाठीला काळाभोर आणि पोटाला चांदीसारखा पांढरा होतो. डोळे जवळजवळ दुप्पट मोठे होतात, खोल समुद्रातल्या अंधारासाठी. ते डोळे बघून खरंच अंगावर काटा येतो.

चौकस

जबरदस्त धागा! एक बाळबोध शंका. एवढे लाख रुपये घालवायचे तर साधा जीपीएस का नाही लावत? वाघाच्या गळ्यात लावतात तसा.

खाडीकाठ

@चौकस, खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत हो. टॅग पाण्यावर आला तरच उपग्रहाशी बोलणार.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरला पाच ऑलिव्ह रिडले कासविणींना टॅग लावले होते. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. तेव्हा आमच्या गावात रोज कुणीतरी मोबाईलवर नकाशा उघडून सावनी कुठे पोचली ते बघत असे. कासव श्वास घ्यायला वर येतं, म्हणून दर वेळी थोडी माहिती जाते. मासा कशाला वर येतोय? शरयूताईंनी सांगितलेला ईल तर दिवसा उलट खोल जातो. म्हणून तिथे शेवटी एकदाच टॅग सुटण्यावर सगळी मदार.

शरयू_लिमरिक

@खाडीकाठ, अगदी नेमकं सांगितलंत. भर घालते: वर आल्यावरही टॅग सगळं पाठवू शकत नाही. बॅटरी थोडी, उपग्रहाची वेळ थोडी, म्हणून मोजकी माहिती जाते. तोच टॅग कुणाला किनाऱ्यावर वाहून आलेला मिळाला आणि त्याने परत पाठवला, तर त्यातली प्रत्येक नोंद वाचता येते. काही ईलना तर उपग्रहाशी न बोलणारे, नुसतेच तरंगणारे नोंदणी-टॅग लावले होते. ते सगळे किनाऱ्यावर फिरणाऱ्या लोकांच्या भरवशावर. शोधून देणाऱ्याला बक्षीस असायचं. त्या ७०७ मध्ये असे बरेच होते.

अनुया

वाचता वाचता अडकले ते ‘खाल्ले गेलेले’ या शब्दांवर. समुद्रात हजार मीटर खाली कोण खातंय आणि ते कळतं कसं?

शरयू_लिमरिक

@अनुया, तापमानावरून. हा भाग मला सगळ्यात थरारक वाटतो.

असं समजा की आलेख चाललाय: रात्री वर, दिवसा खाली, पाणी दहा-बारा अंश. अचानक तापमान ३६ अंशांच्या घरात जातं आणि तिथेच राहतं. खोली मात्र बदलतेच आहे. टॅग शेकडो मीटर खाली जातो, वर येतो, परत खाली. बाहेरचं पाणी एवढं गरम असणं शक्यच नाही, म्हणजे टॅग सस्तन प्राण्याच्या पोटात आहे. दातवाला देवमासा. थोड्या दिवसांनी तापमान एकदम पडतं, टॅग वर येतो आणि माहिती पाठवतो. देवमाशाच्या डुबक्यांची नोंद आपसूक मिळते ती वेगळीच.

तापमान पाण्यापेक्षा थोड्याच अंशांनी वाढलं, तर अंग गरम ठेवणारे शार्क किंवा ट्यूना यांच्यावर संशय जातो. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात अमेरिकन ईलच्या बाबतीत पोरबीगल शार्कने असाच फडशा पाडलेला दिसला. आणि तापमान जैसे थे, पण उजेडाची नोंद एकाएकी शून्य झाली, तर थंड रक्ताच्या कुणीतरी गिळलं.

टिळकरोड

लेख उत्तम, पण मला एक खटकतंय आणि ते स्पष्ट लिहितो. जात अति संकटग्रस्त आहे म्हणता. तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या, अंड्यांनी भरायच्या बेतात असलेल्या माद्या निवडून त्यांच्या पाठीवर ओझं बांधायचं आणि पाच हजार किलोमीटर पाठवायचं? टॅगमुळे त्या हळू पोहतात की मुळातच हळू आहेत, हे कसं ठरवणार? त्या ओझ्यामुळेच देवमाशाच्या तोंडी पडल्या नसतील कशावरून?

लायडनकर

@टिळकरोड यांचा मुद्दा रास्त आहे आणि तो या क्षेत्रातल्या लोकांनीही उचलून धरलाय. पाण्याचा अडथळा टॅगमुळे वाढतो, यात वाद नाही.

आमच्या लायडनमध्ये यावर वेगळ्या अंगाने काम झालं. पाणी सतत वाहत राहील अशा बोगद्यात ईल सोडले आणि टॅगबिग काही न लावता १७३ दिवस पोहू दिले, उपाशी. साडेपाच हजार किलोमीटर भरले! किती चरबी खर्च झाली ते मोजलं, तर इतर माशांच्या तुलनेत ईलचं पोहणं चार ते सहा पट काटकसरीचं निघालं. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे निरोगी ईलच्या अंगात तेवढी शिदोरी असते.

‘निरोगी’ हा शब्द मुद्दाम वापरला. पूर्व आशियातून आलेला एक परजीवी जंत १९८०च्या दशकापासून युरोपभर पसरलाय. तो ईलच्या वाताशयात राहून रक्त पितो. मासा पाण्यात कुठल्या खोलीवर तरंगायचं हे याच पिशवीने सांभाळतो. रोज शेकडो मीटर वर-खाली करणाऱ्या माशाची नेमकी तीच पिशवी खराब झाली तर काय होत असेल! उथळ नदीत त्याला फारसं जाणवतही नसेल, फरक पडतो तो समुद्रात.

शरयू_लिमरिक

@टिळकरोड, तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. टॅग लावलेल्या माशाचा वेग हा मोकळ्या माशाच्या वेगाचा कमीत कमी अंदाज म्हणूनच वाचावा, मी तसाच वाचते. आणखी एक मर्यादा: नर जेमतेम चाळीसेक सेंटिमीटरचा, त्याला हे ओझं पेलत नाही. त्यामुळे आपल्या हातात आहेत त्या जवळजवळ सगळ्या माद्यांच्याच वाटा.

पण २६ माद्यांचा हिशेब करताना दुसरी बाजूही बघा. २००७ मध्ये युरोपीय संघाने नियम केला की माणसाचा हस्तक्षेप नसता तर जितके चंदेरी ईल समुद्रात गेले असते, त्यांच्या वजनाच्या किमान ४० टक्के तरी सुटले पाहिजेत. त्यासाठी मासेमारी कधी बंद ठेवायची, दारं कधी उघडायची, पंप कधी थांबवायचे, हे सगळं ते कधी आणि कसे निघतात यावर ठरतं. लोकांच्या पोटावर पाय देणारे निर्णय ऐकीव माहितीवर घेतले तर कुणी मानत नाही, आणि मानूही नये. म्हणून थोडे मासे असे पाठवणं मला पटतं. पण अमर्याद संख्येने नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

चौकस

युरोपात हा मासा खातात ना अजून? मग टॅग-बिग लावण्याआधी खाणं थांबवायला नको का?

लायडनकर

खातात. इथे धुरी दिलेला ईल सणासुदीला हौसेने आणतात, माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. आम्ही बंद केला. आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषद २०२१ पासून सांगतेय की ईलची पकड सगळीकडे शून्यावर आणा. सरकारं तिथवर गेलेली नाहीत. नेदरलँड्समध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर बंदी आहे, कारण तेव्हाच चंदेरी ईल निघतात. काही मच्छीमार स्वतः ईल पकडून बांधापलीकडे, समुद्राच्या बाजूला नेऊन सोडतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि मत्स्यशेतीचा ईल म्हणजे नवीन मासा नव्हे. ईलची पैदास व्यापारी प्रमाणावर अजून जमलेली नाही, शेतीत वाढवायलाही पिल्लू समुद्रातूनच आणावं लागतं. त्यामुळेच तस्करी. २०१० च्या अखेरीपासून युरोपीय संघाबाहेर निर्यात बंद आहे, तरी पाण्याच्या पिशव्यांत भरलेली जिवंत पिल्लं सूटकेसमधून पूर्व आशियात जाताना पकडली जातात. सारगासोहून हजारो किलोमीटर वाहत आलेलं, बोटभर लांबीचं, आरपार दिसणारं पिल्लू विमानतळावरच्या बॅगेत!

अनुया

जपानी लोक तर ईल केवढा खातात. त्यांच्या ईलचं जन्मस्थान सापडलंय का?

शरयू_लिमरिक

@अनुया, सापडलंय, आणि तिथे ते युरोपच्या पुढे आहेत. कात्सुमी त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं पिल्लांचा माग घेत मे २००९ मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला, समुद्रातल्या डोंगररांगेजवळ जपानी ईलची ३१ अंडी जाळ्यात मिळवली. अमावस्येच्या थोडं आधी. अख्ख्या प्रशांत महासागरातून मिलिमीटरभराची ३१ अंडी! अटलांटिकमध्ये तो दिवस अजून यायचाय. अझोर्सच्या त्या एका मादीने निदान जाळं कुठे टाकायचं ते दाखवलंय.

अमेरिकन ईलचंही सांगायचं राहिलं. तोही सारगासोतच जातो. कॅनडातून ३८ ईल सोडले होते, त्यांतली एक मादी २४०० किलोमीटर कापून तिथे पोचली. २०१५ मध्ये ते आलं.

खाडीकाठ

आता आमच्या नदीबद्दल बोलतो. बाजारात मिळते ती वाम समुद्रातली, ती वेगळी. पण सह्याद्रीतल्या नद्यांत डोहात राहणारी, अंगावर ठिपके असलेली मोठी वाम असते, काहीजण तिला अहिर म्हणतात. ती युरोपियन ईलचीच चुलत बहीण. ही पण अंडी घालायला समुद्रात जाते, आणि हिंदी महासागरात तिचं अंडी घालणं कुणी पाहिलेलं नाही. टॅगचा विचार फार पुढचा. आधी ती नदीतून निघते कधी, एवढं तरी लिहून ठेवायला हवं. पूर्वी पहिल्या पावसात पिल्लं ओल्या खडकांवरून, भिंतीवरून सरपटत वर चढताना दिसत, असं आमचे जुने लोक सांगतात. आता मध्ये बंधारे किती झालेत ते बघताच आहात.

शरयूताई, माझे मामा खाडीच्या तोंडाशी डोल लावतात. पावसाळ्यानंतर कधी मोठी वाम जाळ्यात आली, तर काय काय टिपून ठेवायला सांगू?

शरयू_लिमरिक

@खाडीकाठ, हे कराच. मामांना एवढं सांगा: तारीख, वेळ आणि चंद्राची तिथी. नदीला पूर होता का. माशाची लांबी, सरळ पट्टीवर ठेवून. डोळ्याचा जवळून फोटो आणि बाजूला एक रुपयाचं नाणं, म्हणजे डोळ्याचा आकार मोजता येतो. पोटाचा रंग दिवसाउजेडी. कल्ल्यामागच्या पंखाचाही फोटो, तो प्रवासाआधी लांबट आणि काळा होतो. मासा जिवंत असेल आणि मामांची तयारी असेल, तर खाडीच्या समुद्राकडच्या अंगाला सोडून द्या.

फोटो इथेच टाका, मी आणि @लायडनकर मिळून तक्ता सुरू करतो.

लायडनकर

तक्ता उद्याच करतो. @खाडीकाठ, नदीचं नाव आणि खाली-वर कुठे बंधारे आहेत तेही लिहा, त्याचा वेगळा रकाना ठेवतो.